घटना समितीतली एक जागा

वसईत इतिहासाचं व्याख्यान म्हटलं की किल्ला, चिमाजी आप्पा आणि १७३९ येणारच. आज मात्र मी घटना समितीतल्या एका जागेबद्दल बोलणार आहे.

१९४६ साली घटना समितीचे सभासद प्रांतांच्या विधिमंडळांनी निवडायचे होते. आपली वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात, मुंबई प्रांतात. इथल्या विधिमंडळात काँग्रेसचं बहुमत होतं. बाबासाहेब आंबेडकरांना इथून निवडून येण्याइतका पाठिंबा नव्हता. ते बंगालमधून गेले. त्यासाठी जोगेंद्रनाथ मंडल यांनी खटपट केली.

१३ डिसेंबर १९४६ रोजी नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. बॅ. मुकुंदराव जयकरांनी उपसूचना दिली, की मुस्लिम लीग आणि संस्थानांचे प्रतिनिधी येईपर्यंत थांबा. ती बहुतेकांना रुचली नाही. १७ तारखेला अध्यक्ष राजेंद्रप्रसादांनी अचानक बाबासाहेबांचं नाव पुकारलं. त्यांनी जयकरांची बाजू घेतली. आज आपण गटागटांत विभागलेलो आहोत, पण उद्या हा देश एक होईल याची मला खात्री आहे. म्हणूनच घाई नको, विरोधकांना बरोबर घ्या, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. शेवटी ठराव मंजूर झाला तो २२ जानेवारी १९४७ ला.

पुढे फाळणी ठरली, बंगाल दुभंगला आणि बाबासाहेबांची जागा गेली. इकडे जयकरांनी राजीनामा दिल्यामुळे मुंबईची एक जागा रिकामी होती. ३० जून १९४७ रोजी राजेंद्रप्रसादांनी मुंबईचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांना पत्र लिहिलं: आंबेडकरांना ताबडतोब निवडून पाठवा. जुलैत ते मुंबईतून निवडून आले. २९ ऑगस्टला मसुदा समिती नेमली गेली आणि ते तिचे अध्यक्ष झाले.

आता बघा, मतभेद काही मिटले नव्हते. पुणे करारापासूनचा सल होता. १९४५ साली तर बाबासाहेबांनी काँग्रेस आणि गांधीजींवर कडक टीका करणारं अख्खं पुस्तक लिहिलं होतं. तरीही त्यांचं समितीतलं काम पाहून, हा माणूस तिथे हवाच, असं त्याच काँग्रेसवाल्यांना वाटलं. आणि बाबासाहेबांनीही जुने हिशेब काढत न बसता ते काम अंगावर घेतलं.

आज कोणी म्हणतं घटना एकट्याने लिहिली, कोणी म्हणतं त्यांचं फक्त नाव लागलं. बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण काढून वाचा. त्यात त्यांनी बी. एन. राव यांना श्रेय दिलंय, मसुदा लिहिणाऱ्या एस. एन. मुखर्जींना दिलंय. एवढंच नाही, काँग्रेस पक्षाच्या शिस्तीमुळे आपलं काम सोपं झालं, हेही भर सभागृहात सांगितलंय. ज्यांच्याशी आयुष्यभर भांडले, त्यांचं देणं त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं.

येत्या २६ नोव्हेंबरला आपण घटनेची उद्देशिका वाचू, तेव्हा ही जागाही आठवा. आपल्या विरोधकाचं काम चांगलं असेल तर त्याला अशी जागा आपण आज देऊ का, एवढं स्वतःला विचारा.