युद्धपटांतील सख्य आणि पौरुष

युद्धाचा चित्रपट म्हणजे पडद्यावरील पोवाडा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु पहिल्या महायुद्धावर १९२७ ते १९३७ या काळात निघालेले तीन चित्रपट शेजारी ठेवले, तर त्यांत शौर्याहून पुरुषांच्या परस्परसख्याचीच चिकित्सा अधिक आढळते. त्या सख्याला पौरुषाच्या रूढ कल्पनेत स्थान कोठे, हा प्रश्न आम्हांस येथे विचारावयाचा आहे.

पहिला ‘विंग्ज’ (१९२७). हा मूकपट काढणारे विल्यम वेलमन स्वतः त्या युद्धात वैमानिक होते. जॅक आणि डेव्हिड एकाच तरुणीवर अनुरक्त. सैन्यातील शिक्षणकाळात गुद्दागुद्दी होते आणि तीतूनच मैत्री जुळते. पुढे डेव्हिड शत्रूचे विमान पळवून परतू लागतो. तो मेला असे समजून सुडाने पेटलेला जॅक नकळत तेच विमान पाडतो. मरणोन्मुख मित्राला कवटाळून तो रडतो, त्याचे चुंबन घेतो. १९२९ साली अमेरिकन चित्रपट अकादमीच्या पहिल्याच समारंभात या चित्रपटाचा सर्वोच्च गौरव झाला.

दुसरा, रेमार्क यांच्या कादंबरीवरून लुईस माइलस्टोन यांनी १९३० साली काढलेला ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’. याचा आरंभ शाळेच्या वर्गात होतो. गुरुजींच्या आवेशपूर्ण भाषणाने भारावून मुले सैन्यात जातात. खंदकात त्यांना दुसरा गुरू भेटतो, तो म्हणजे वयाने वडील असा काटझिन्स्की. तो पराक्रम शिकवीत नाही. अन्न कसे मिळवावे आणि जीव कसा वाचवावा, हे शिकवितो. जखमी काटझिन्स्कीला पाठीवर घेऊन पॉल बोलत बोलत चालतो, आणि ओझे उतरवितो तेव्हा ते प्रेत झालेले असते. डिसेंबर १९३० मध्ये बर्लिनच्या चित्रपटगृहात गोबेल्सच्या अनुयायांनी या चित्रपटाविरुद्ध दंगा केला आणि थोड्याच दिवसांत जर्मनीत त्यावर बंदी आली. बलिदानाच्या घोषणांवर पोसलेल्या राजकारणाला असे सख्य सोसवत नाही, याचा हा पुरावाच होय.

तिसरा, झाँ रन्वार यांचा ‘ला ग्रांद इल्युझियों’ (१९३७). रन्वारही त्या युद्धातील वैमानिक. येथे फ्रेंच सरदार बोएल्दिए आणि त्याला कैदेत ठेवणारा जर्मन सरदार राउफेनश्टाइन हे कुलाने आणि संस्काराने एकमेकांचे आहेत. तरीही सोबत्यांना पळता यावे म्हणून बोएल्दिए बासरी वाजवीत पहारेकऱ्यांचे लक्ष वेधून घेतो, आणि राउफेनश्टाइनलाच त्याच्यावर गोळी झाडावी लागते. मरणाऱ्याने मारणाऱ्याला क्षमा करावी, असा तो प्रसंग आहे. पळालेले दोघे मात्र कुलाने भिन्न: मारेशाल साधा यंत्र-कामगार, रोझेंथाल धनिक यहुदी. रोझेंथालचा पाय दुखावतो, दोघे भांडतात, मारेशाल त्याला शिव्या देऊन निघून जातो. आणि थोड्या वेळाने परत येऊन त्याला आधार देतो.

या तिहींची तुलना करता एक गोष्ट ध्यानात येते. पुरुषाने पुरुषाविषयीची माया प्रकट करावयाची, तर बहुधा मृत्यूचा परवाना लागतो. ‘विंग्ज’मध्ये अश्रूंना वाट मिळते ती मित्र मरू लागल्यावर, पॉलची सारी शुश्रूषा प्रेतावर संपते, बोएल्दिएही मृत्युशय्येवरच मन मोकळे करतो. या नियमाला एकच अपवाद, तो मारेशाल-रोझेंथाल यांचा. ते भांडतात, परततात आणि दोघेही जिवंत सीमेपार होतात. परत येण्याच्या त्या चार पावलांत आम्हांस शौर्याची अधिक खोल व्याख्या दिसते.

हा विचार अध्यापकांना परका नाही. ‘बायकांसारखा रडतोस काय?’ हे वाक्य आपल्या शाळांच्या अंगणात आपण सर्वांनीच ऐकले आहे. कित्येकांनी उच्चारलेही असेल. माइलस्टोन यांच्या चित्रपटातील गुरुजी दुष्ट नव्हते. आपण मुलांना पुरुष बनवीत आहोत, अशी त्यांची प्रामाणिक श्रद्धा होती. मित्राला जिवंतपणीच जवळ घेण्याची मुभा मुलांना वर्गात मिळाली, तर ती शिकण्यासाठी त्यांना खंदकापर्यंत जावे लागणार नाही.