परतीचं भाडं

तुमच्या हातात एक कागद आहे आणि त्यावरचं अक्षर लागत नाहीये.

डिसेंबर १९४८. बर्लिनचा टेम्पलहॉफ विमानतळ. रशियनांनी जूनमध्ये रस्ते, रेल्वे, कालवे अडवले. तेव्हापासून शहराचा पश्चिम भाग आभाळातून येणाऱ्या शिध्यावर जगतोय. धुक्यातून एकामागून एक विमानं उतरताहेत. प्रत्येकात साधारण दहा टन माल: कोळसा, नाहीतर पीठ, नाहीतर वाळवलेले बटाटे. कोळशाची भुकटी तुमच्या दातांखाली कचकचतेय. हमाल ट्रक घेऊन उभे आहेत आणि तुमच्या तोंडाकडे बघताहेत, कारण कोणता ट्रक कोणत्या विमानाला लावायचा ते त्या कागदावर आहे. आणि कागदांची तऱ्हा अशी, की एका तळावरची यादी एका भाषेत तर दुसरीकडची दुसऱ्या भाषेत. कुणी वजन आधी लिहितं, कुणी शेवटी. कुणी प्रतींची चळत जोडतं, कुणी एकुलती एक प्रत पाठवतं. खोळंबायला तर वेळच नाही. वैमानिकाला कॉफीसाठी दूर जायची मुभा नाही; खाण्याची गाडीच विमानापाशी येते.

अमेरिकी सैन्यातले मास्टर सार्जंट एडवर्ड गिल्बर्ट आणि त्यांचे सहकारी यावर जो तोडगा काढतात त्याला कुणी शोध म्हणणार नाही. यादीचा नमुना एकच. रकाने तेच, त्यांचा क्रम तोच. टेलेक्सने पाठवा, रेडिओवरच्या टेलिटाइपने पाठवा, नाहीतर फोनवर वाचून दाखवा. सप्टेंबर १९४९ मध्ये हा हवाई पूल थांबेल तेव्हा त्यावरून २३ लाख टनांहून जास्त माल गेलेला असेल.

वाहतुकीच्या सॉफ्टवेअरची गोष्ट सांगणारे बहुतेकजण गणितापासून सुरुवात करतात. मी या रकान्यांपासून करतो. का, ते तुम्हालाच दिसेल.

दहा-अकरा वर्षं पुढे या. १९५९. तुमच्या टेबलावर ‘मॅनेजमेंट सायन्स’ या नियतकालिकाचा अंक आहे. त्यातल्या एका लेखावर जॉर्ज डँट्झिग यांचं नाव दिसतं. मर्यादित साधनांची सर्वांत फायद्याची वाटणी शोधणाऱ्या सिम्प्लेक्स या गणिती पद्धतीचे जनक म्हणून तुम्ही त्यांना ओळखता. शिवाय पाचच वर्षांपूर्वी त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर अमेरिकेतल्या ४९ शहरांतून फिरून मूळ जागी परतण्याचा सर्वांत छोटा रस्ता शोधला होता: १२,३४५ मैल. (आकडा खरा आहे, गंमत म्हणून घातलेला नाही.) पण तो एकट्या फिरत्या विक्रेत्याचा प्रश्न होता. आता जॉन रॅमसर यांच्याबरोबर ते ट्रककडे वळलेत. पेट्रोलचा एक डेपो, बारा पंप, प्रत्येकाची मागणी वेगळी, टँकरची क्षमता ठरलेली. कोणता टँकर कुठल्या पंपांना, कुठल्या क्रमाने न्यायचा, म्हणजे एकूण फेरा कमीत कमी होईल? लेख वाचताना तुम्हाला वाटतं, आता उद्यापासून डेपोतला गाड्या लावणारा माणूस घरी बसणार. मग सारांशाकडे नजर जाते. लेखकांनी प्रामाणिकपणे नोंदवलंय की ही पद्धत प्रत्यक्षात अजून कुठेही वापरलेली नाही.

१९६४, मँचेस्टर. इथे कोऑपरेटिव्ह होलसेल सोसायटी या ग्राहक सहकारी संस्थांच्या मध्यवर्ती संस्थेतले क्लार्क आणि तिथल्याच तंत्र महाविद्यालयातले राइट तुम्हाला एक युक्ती दाखवतात. पेन्सिल घ्या. डेपोपासून एक दुकान १० मैलांवर, दुसरं १२ मैलांवर, आणि दोन्ही दुकानांमध्ये अंतर ५ मैल. दोन गाड्या वेगवेगळ्या पाठवल्या तर जाऊन-येऊन २० आणि २४, म्हणजे ४४ मैल. एकाच गाडीने दोन्ही केली तर १०, ५ आणि १२, म्हणजे २७. वाचले १७. अशी प्रत्येक जोडीची बचत काढायची, सगळ्यांत मोठी बचत वर ठेवून उतरती यादी करायची, आणि गाडी भरेपर्यंत वरून खाली जोडत जायचं. बस. घरात वाणसामान भरणाऱ्या कुठल्याही बाईला हा हिशेब सांगावा लागणार नाही. आपण दुधाच्या डेअरीवरून जातोय तर इस्त्रीचे कपडेही घेऊन येऊ, हेच ते. डँट्झिग-रॅमसर यांच्या बारा पंपांवर ही युक्ती चालवली तेव्हा २९४ मैलांचे २९० झाले. चार मैल! हसू नका. तो फेरा रोजचा आहे.

आणि ही पद्धत संगणकावर चालतेच, हातानेही करता येते. म्हणजे १९६४ मध्ये गणित तयार होतं, यंत्र हळूहळू येत होतं. मग अमेरिकेतले ट्रक अजून रिकामे का परततात?

ते बघायला सत्तरच्या दशकातल्या कुठल्याही अमेरिकी मालवाहतूक कंपनीच्या कचेरीत शिरा. भिंतीभर दरपुस्तकं आहेत, फोनच्या डिरेक्टरीसारखी जाड. तुम्ही इथले दर काढणारे कारकून. १९३५ च्या कायद्यापासून ट्रकवाल्यांवर आंतरराज्य वाणिज्य आयोगाचा अंमल आहे. कोणी कुठला माल, कुठून कुठे न्यायचा, त्याचा परवाना आयोग देतो. दर वाहतूकदारांच्या मंडळांनी मिळून ठरवलेले, आयोगाकडे दाखल केलेले. समोरच्या नकाशावर तुमचा ट्रक माल उतरवून उभा आहे आणि शेजारच्याच गोदामात त्याच्या गावी जाणारा माल पडलाय. पण परवान्यात तो माल नाही. परतीचं भाडं डोळ्यांसमोर असताना गाडी रिकामी पळवायची. आपल्याकडे ज्यांनी जकात नाक्यावर रात्री काढल्या आहेत त्यांना ही जळफळ समजावून सांगायला नको. इथे संगणक आणून ठेवला तरी तो निवड कशातून करणार? रस्ता ठरलेला, दर ठरलेला, माल ठरलेला.

एक माणूस मात्र थांबलेला नाही. बर्लिनचे गिल्बर्ट पुढे ड्यू पाँ या रसायन कंपनीत गेले. तिथे मालाची माहिती एका कंपनीच्या यंत्रातून दुसरीच्या यंत्रात थेट पाठवण्याचे प्रयोग त्यांनी साठच्या दशकातच केले. १९६८ मध्ये रेल्वे, ट्रक, जहाज आणि विमान कंपन्यांनी मिळून वाहतुकीच्या माहितीचा मेळ घालणारी समिती काढली, तिचं काम त्यांच्याकडे आलं. तुम्ही अशा बैठकीत बसून बघाच. वजन पौंडात की टनात, तारीख आधी की महिना, पत्त्यासाठी किती अक्षरं. डुलकी येईल. पण १९७५ मध्ये पहिली मानकं छापून आली, आणि त्याच घराण्यातले आकडे अमेरिकी वाहतूकवाले आजही तोंडपाठ म्हणतात: २०४ म्हणजे ‘हा माल नेणार का?’, ९९० म्हणजे त्याचा होकार-नकार, २१४ म्हणजे ‘माल कुठवर आला’, २१० म्हणजे भाड्याचं बिल. आपल्या बिल्टीचेच तुकडे करून तारेत घातलेत म्हणा ना.

१९७८. ओरेगॉन राज्यातलं पोर्टलंड, जुबिट्झ नावाचा ट्रक थांबा. डिझेल भरून तुम्ही आत येता. भिंतीवर टीव्हीसारखा पडदा आहे आणि त्यावर माल कुठून कुठे जायचाय याच्या ओळी. दलाल फोन करून भाडं सांगतो, ते पडद्यावर चढतं. ‘डायल-अ-ट्रक’ म्हणतात याला. पुढे याचंच नाव डॅट होईल. हातात कॉफी, नजर पडद्यावर, आणि शेजारचा ड्रायव्हर तुमच्या आधी फोनकडे धावतो.

१ जुलै १९८०. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर ट्रकवाहतुकीच्या नव्या कायद्यावर सही करतात आणि परवान्यांची ती भिंत ढासळते. दर बोलून ठरवता येतात, परतीचा माल उचलता येतो. या एका सहीने वाहतूक सॉफ्टवेअरचा धंदा जन्माला आला असं मी म्हणेन. कालपर्यंत दर शोधायचा होता, आता शंभरांतून निवडायचा आहे. पुढच्या काही वर्षांतच टीएमडब्ल्यू, मॅकलाउड अशी नावं बाजारात दिसू लागतात.

आणखी आठ वर्षं. तुम्ही श्नायडर कंपनीच्या नारिंगी ट्रकमध्ये आहात. कालपर्यंत ‘मी कुठे आहे’ हे मालकाला सांगायला फोनच्या डबड्यापुढे रांग लावावी लागायची. आता केबिनमध्ये छोटा कीबोर्ड आहे आणि छपरावर उपग्रहाशी बोलणारी डबी. अर्विन जेकब्स यांच्या क्वालकॉमने १९८८ मध्ये हे ऑम्निट्रॅक्स आणलं. मोबाइल फोनच्या चिपांमुळे जगाला माहीत असलेली ही कंपनी आधी ट्रकवर जगली, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. सोय झाली हे खरंच. पण ढाब्यावर जरा जास्त वेळ बसलात तर तेही आता कुणाला तरी दिसतंय.

नव्वदचं दशक भरभर ओलांडू या. प्रत्येकजण आपापल्या पेटीत बंद असलेलं सॉफ्टवेअर विकतोय. १९९९ मध्ये मिच वेसली यांनी जी-लॉग ही कंपनी काढली, सगळं इंटरनेटवर आणण्यासाठी. २००५ मध्ये ती ओरॅकलने विकत घेतली.

शेवटचा मुक्काम २०१३ नंतरचा. यूपीएस या पार्सल कंपनीची तपकिरी गाडी, तुम्ही ड्रायव्हरच्या शेजारी. आज शंभराहून जास्त दारं वाजवायची आहेत. जॅक लेव्हिस यांच्या चमूने २००३ पासून खपून ओरायन नावाची प्रणाली उभी केली. २०१६ पर्यंत ती अमेरिकेतल्या ५५ हजार मार्गांवर पोचेल आणि वर्षाला १० कोटी मैल वाचवेल. पण आज तुमचा ड्रायव्हर वैतागलाय. वीस वर्षं हाच भाग करणाऱ्या माणसाला यंत्र सांगतंय, या गल्लीत एकच पार्सल टाक, बाकीची दुपारी. वेडेपणा वाटतो. कधी तो यंत्राचं ऐकतो आणि संध्याकाळी गुपचूप मैल मोजतो. कधी मात्र यंत्रच चुकलेलं असतं. विकत घेतलेल्या नकाशात इमारत होती, पण माल उतरवायचं दार मागच्या गल्लीत आहे हे कुणी लिहिलेलंच नव्हतं. असे नकाशे दुरुस्त करण्यात त्या चमूची वर्षं गेली.

ड्रायव्हर गाडी थांबवतो. ‘मागून जायला पाहिजे,’ म्हणतो, ‘पुढून गेलात तर वॉचमन परत पाठवतो.’ तुम्ही पॅड पुढे ओढता. रकाना रिकामा आहे. तुम्ही त्यात मागच्या दाराची जागा भरता.

दुपारनंतर गाडी वळते. वाटेत चार दुकानांतून पार्सलं उचलायची आहेत.