एका कॉम्प्युटरचे दोन मेंदू

तुमच्या हातातल्या फोनची वंशावळ शोधत गेलात, तर १९८१ सालच्या बीबीसी मायक्रोपाशी पोचाल. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचा हा घरगुती कॉम्प्युटर. रॅम फक्त ३२ केबी! पण त्याच्या पोटाखाली ‘ट्यूब’ नावाचं एक सॉकेट होतं. तिथे पट्टीसारखी केबल लावली की दुसरा प्रोसेसर जोडला जायचा.

मग कामाची वाटणी. कीबोर्ड, स्क्रीन, डिस्क जुना प्रोसेसर सांभाळणार. प्रोग्रॅम नवा चालवणार. झेड-८० जोडला, तर सीपी/एमवरची ऑफिसची सॉफ्टवेअर चालायची. नकोय? त्याचा डबा बंद करा, ब्रेक की दाबा. मूळ मशीन परत हजर. १९८६ च्या मास्टर मॉडेलमध्ये तर ही अदलाबदल एका कमांडने ठरवता यायची.

आता खरी गोष्ट. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी एकॉर्नसाठी नवा प्रोसेसर आखला. तो तपासायला अख्खा नवा कॉम्प्युटर बांधावा लागला नाही, कारण ट्यूब होती. २६ एप्रिल १९८५ ला पहिली एआरएम चिप बीबीसी मायक्रोला जोडूनच सुरू झाली. आज जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोन एआरएमवर चालतो. हा भागही तुम्ही बहुधा त्यावरच ऐकताय!