डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पत्त्यांचं मोल

नव्वदच्या दशकात शाळेत असलेल्या कुणालाही विचारा, डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते कसे खेळायचे हे अजून पाठ असेल. गठ्ठा अर्धा-अर्धा वाटायचा. आपल्या वरच्या पत्त्यावरचा एक आकडा पुकारायचा : उंची, वजन, चेस्ट, बायसेप्स, किती फाइट्स खेळला, किती जिंकला. ज्याचा आकडा मोठा त्याने समोरच्याचा पत्ता घ्यायचा. रँकचं मात्र उलटं, तिथे एक नंबरवाला सगळ्यांचा बाप. योकोझुना हातात आला की डोळे मिटून वजन पुकारायचं.

खाऊच्या पैशांत येणारे हे पत्ते आज ऑनलाइन 'रेअर', 'व्हिंटेज' अशी बिरुदं लावून विकायला असतात. चिंचणीच्या घरी माळ्यावर असा एक गठ्ठा निघाला, तेव्हा पुतण्याचा पहिला प्रश्न होता, "काका, याचे किती येतील?" प्रश्न पैशाचा वाटतो, पण उत्तर इतिहासात शोधावं लागतं.

आधी वय ठरवू. आकडे लढवण्याच्या या खेळाला 1970च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये 'टॉप ट्रम्प्स'ने लोकप्रिय केलं. आपल्याकडे तो केबल टीव्हीवरच्या कुस्तीबरोबर घरोघरी पोचला. आमच्या पत्त्यांवर छपाईचं साल नाही, पण नाव आहे. वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या, त्याच आद्याक्षरांच्या संस्थेशी कोर्टात हरल्यावर कुस्तीवाल्यांनी मे 2002मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफचं डब्ल्यूडब्ल्यूई केलं. म्हणजे जुनं नाव असलेला पत्ता बहुधा त्याआधीचा. बहुधा अशासाठी, की नकला छापणाऱ्याला नावाची फिकीर नसते.

पण जुनं म्हणजे महाग का? अमेरिकेतल्या बेसबॉल कार्डांकडे बघा. टॉप्स कंपनीने 1952 साली काढलेल्या मालिकेतली न खपलेली खोकी पुढे गोदामात पडून राहिली. ती 1960च्या सुमारास बोटीतून नेऊन समुद्रात बुडवली, असं कंपनीचे साय बर्गर सांगत. त्याच मालिकेतलं मिकी मँटलचं एक जवळजवळ निर्दोष कार्ड ऑगस्ट 2022मध्ये 1.26 कोटी डॉलरला विकलं गेलं. उलट 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात 'पुढे भाव येईल' म्हणून लोकांनी कार्डांची पाकिटं न फोडता जपून ठेवली. कंपन्यांनीही मग बेसुमार छापली. आज त्यातली बहुतेक कार्डं रद्दीच्या भावात जातात. सगळ्यांनीच जपलं, त्यामुळे दुर्मीळ काही उरलंच नाही.

चिंचणीकरांना हे वेगळं समजवायला नको. इथे घराघरांत दागिन्यांचे डाय कोरतात. पोलादाच्या ठोकळ्यावर नक्षी कोरायला कारागिराची नजर आणि वेळ खर्ची पडतो. एकदा डाय तयार झाला, की त्यावर पत्रा दाबून तीच नक्षी हवी तितक्या वेळा उठवता येते. छापील पत्ताही असाच उठवलेला. म्हणून भाव ठरवताना विचारायचं ते असं : छापलेल्यांतले किती उरले, उरलेल्यांतले किती धड आहेत, आणि ते हवे असणारे किती आहेत? कोपरे, कडा, पृष्ठभाग, चित्र चौकटीत मधोमध आहे का, हे सगळं तपासतात. शिवाय ऑनलाइन दिसतो तो मागितलेला भाव. प्रत्यक्ष विक्री कितीला झाली, तेच खरं.

या कसोट्यांवर आमचा गठ्ठा पार नापास. कोपरे गोल झालेत, घामाचे डाग आहेत आणि एक पत्ता तर छापीलच नाही. मूळ पत्ता हरवला म्हणून ताईने जुन्या लग्नपत्रिकेचा तुकडा कापून, त्यावर पेन्सिलने पैलवानाचं नाव आणि सगळे आकडे लिहून नवा केला होता. पुतण्याने लगेच तोडगा काढला : हा टाकून द्यायचा, सुटा छापील पत्ता विकत घेऊन सेट पुरा करायचा आणि विकायचा.

तेव्हा मी त्याला चिंचणीच्या ताम्रपटांची गोष्ट सांगितली. आमच्या गावात सापडलेल्या ताम्रपटांपैकी एक शके 848चा, म्हणजे इसवी सन 926चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला आहे. वजनावर विकला असता तर तांब्याच्या भांड्याइतकेच पैसे आले असते. वाचला तेव्हा कळलं, की संजाण प्रांताचा कारभार ताजिक, म्हणजे अरब वंशाच्या मधुमती नावाच्या अधिकाऱ्याकडे होता. त्याने लोकांसाठी फुकट नावा आणि अन्नछत्र चालवलं आणि त्याच्या काळात देवीच्या मठाला दान मिळालं. अकराशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर कोण कोणाबरोबर नांदत होतं, हे त्या पत्र्याने सांगितलं.

मग आम्ही ताईचा पत्ता उलटा केला. मागे पत्रिकेची अर्धी ओळ शिल्लक होती : वैशाख, शके 1917. म्हणजे 1995चा मे महिना. अख्ख्या गठ्ठ्यात साल असलेला हा एकच पत्ता. हे पत्ते आमच्या घरात त्या उन्हाळ्यानंतरही खेळले जात होते, याचा पुरावा फक्त त्याच्यावर आहे. शिवाय एक पत्ता गेला म्हणून मुलं नवा गठ्ठा मागत नव्हती, घरातल्या पुठ्ठ्यावर भागवत होती, हेही तोच सांगतो. बाकीच्यांसारखे पत्ते दुसरीकडे कुठेतरी सापडतील. याची दुसरी प्रत कुठेच नाही, आणि बाजारात याला शून्य भाव आहे.

पुतण्या म्हणाला, "मग हा ठेवू, बाकीचे विकू." पण गठ्ठ्यातून सुटला, की तो पत्रिकेचा निव्वळ कपटा. कशाच्या जागी आणि का केला, हे शेजारचे पत्ते सोबत असले तरच कळतं. ताम्रपटाचे पत्रेसुद्धा कडीत ओवलेले असत, ते याचसाठी.

आम्ही गठ्ठा विकला नाही. ताईला विचारून पुतण्याने एका कागदावर तिचं नाव, गाव आणि हरवलेल्या पत्त्याची हकिगत लिहिली. तो कागद आता त्याच डबीत आहे.