डॉक्टरच्या नावापुढील अक्षरे



पानशेतचे नाव काढले की जुन्या माणसांना १२ जुलै १९६१ चा दिवस आठवतो. त्या दिवशी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही गेले आणि पुण्यात हाहाकार उडाला. धरणात पाणी साठविण्याचे ते पहिलेच वर्ष होते आणि काम पुरे झालेले नव्हते. अपुऱ्या कामावर भार पडला म्हणजे काय होते, हे या परिसराला कोणी शिकवावयास नको. माणसाच्या विद्येचेही तसेच आहे.

मी याच भागात इतिहास शिकवितो. पालक सभेनंतर एका गृहस्थांनी मला विचारले, "सर, पाटीवर पाच-सहा डिग्र्या होत्या. मग माझ्या मुलीचा कान बरा का झाला नाही?" चौकशी केली तेव्हा कळले की त्या अक्षरांत कानाच्या विद्येचे एकही अक्षर नव्हते. मुलीचे तीन महिने वाया गेले. आजही तिला उजव्या कानाने कमी ऐकू येते आणि वर्गात ती पहिल्या बाकावर बसते. म्हणून या अक्षरांचा इतिहास आपणांस सांगावासा वाटतो.

वैद्याची परीक्षा घेण्याची चाल नवी नाही. इ.स. ९३१ मध्ये बगदाद येथे चुकीच्या उपचाराने एक रुग्ण दगावला. तेव्हा खलिफा अल-मुक्तदिर याने हुकूम काढला की, सिनान इब्न साबित याने परीक्षा घेतल्यावाचून कोणीही वैद्यकी करू नये. आठशेहून अधिक वैद्यांची परीक्षा झाली, असे जुने अरबी चरित्रकार नोंदवितात. त्यांत एक वयोवृद्ध गृहस्थ होते. त्यांना धड लिहिता-वाचताही येत नव्हते. साध्या सरबतांवर त्यांचा चरितार्थ चाले. सिनानने त्यांचे पोट मारले नाही, पण अट घातली : जे कळत नाही त्यावर उपचार करू नका, गंभीर दुखण्यात रक्त काढू नका, रेचक देऊ नका. परवान्याचा खरा अर्थ येथे दिसतो. काय करावे याबरोबरच कोठे थांबावे, हेही परवाना सांगतो.

आता आपल्या प्रांताकडे वळू. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले व १८५१ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. डॉ. भाऊ दाजी लाड हे त्यांपैकीच. पुण्यात १८७८ मध्ये बी. जे. मेडिकल स्कूल निघाले. १९४६ मध्ये त्याचे महाविद्यालय झाले. त्या काळचा डॉक्टर ताप, बाळंतपण, मोडलेले हाड, सारेच पाही. पुढे विद्या इतकी वाढली की एका डोक्यात मावेना. १९१२ हे साल यासाठी महत्त्वाचे. त्या वर्षी डॉक्टरांच्या नोंदणीचा मुंबई वैद्यक कायदा झाला आणि त्याच वर्षी मुंबईत कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स ही परीक्षा घेणारी संस्था निघाली.

तरीही मोठ्या मान्यतेसाठी विलायत गाठावी लागे. गोव्यातील शिरोड्याचे डॉ. वि. ना. शिरोडकर मुंबईचे एम.डी. झाले आणि मग १९३१ मध्ये इंग्लंडहून एफ.आर.सी.एस. होऊन आले. गर्भ टिकावा म्हणून गर्भाशयाच्या मुखाला घालावयाचा 'शिरोडकर टाका' १९५५ पासून जगभर गाजला.

अमेरिकेत निराळी वाट निघाली. तेथे सरकारी परवाना वेगळा आणि विषयातील प्रावीण्याची परीक्षा घेणारे मंडळ वेगळे. असे पहिले मंडळ १९१६ मध्ये नेत्रवैद्यकासाठी स्थापन झाले. आपल्याकडे विद्यापीठांचे दर्जे निरनिराळे होते. म्हणून देशभर एकच कसोटी असावी यासाठी १९७५ मध्ये राष्ट्रीय परीक्षा मंडळ निघाले. १९८२ मध्ये ते स्वतंत्र झाले. त्याची पदवी म्हणजे डी.एन.बी.

आज ही वाट अशी आहे : साडेचार वर्षे एम.बी.बी.एस., एक वर्ष प्रत्यक्ष रुग्णालयात काम, मग नोंदणी. त्यानंतर प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षे एम.डी., एम.एस. किंवा डी.एन.बी. हृदय, मेंदू यांसारख्या विषयांत आणखी पुढे जावयाचे तर डी.एम. किंवा एम.सीएच.साठी अजून तीन वर्षे. म्हणजे बेरीज साडेअकरा वर्षांची होते, आणि प्रवेशासाठी वाट पाहावी लागली तर तो काळ वेगळाच.

पालकहो, यातून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात व चिठ्ठीवर लिहावा, असा नियम आहे, तो पाहावा. आणि अक्षरे मोजू नयेत, ती कोणत्या विषयाची आहेत ते विचारावे. विचारण्यात उद्धटपणा नाही. शिवाय, "हे माझ्या विषयातले नाही, ससूनला न्या," असे सांगणारा गावचा डॉक्टर कमी प्रतीचा समजू नये. सिनानची अट तोच खऱ्या अर्थाने पाळतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यातून कोणी या वाटेने जाईल अशी मला आशा आहे. वर्षे पुष्कळ आहेत, परंतु घाई करू नका आणि आईवडिलांनीही करू नये. मुलगी या वाटेवर असेल तर तिला अर्ध्यावर थांबवू नये. धरणाचे काम पुरे झाल्यावरच त्यात पाणी अडवावे, हे आपण फार मोठी किंमत देऊन शिकलो आहोत.