धमनीच्या भिंतीतील दीड शतकाचा वाद

रक्ततपासणीचा एखादा कागद कपाटात जपून ठेवलेला नाही, असे घर आज आपल्या वस्तीत विरळाच. 'कोलेस्टेरॉल' हा शब्द तर आता वडीलधाऱ्यांच्याही तोंडी रुळला आहे. चरबी वाढली, नळी तुंबली आणि झटका आला, अशी एक सरळ कथा आपण एकमेकांना सांगत असतो. नळात गाळ साचावा, तसे काहीसे चित्र आपल्या मनात असते. परंतु धमनी ही निर्जीव नळी नव्हे. तिची भिंत जिवंत पेशींची आहे आणि त्या भिंतीत जे घडते, ते समजून घेण्यास वैद्यकाला दीड शतकाहून अधिक काळ लागला. तो इतिहास आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

हा आजार आधुनिक राहणीची देणगी आहे, असा आपला समज असतो. तो पूर्णांशाने खरा नाही. १९११ साली कैरो येथे मार्क आर्मंड रफर यांनी इजिप्तमधील ममींच्या धमन्या तपासल्या, तेव्हा हजारो वर्षांपूर्वीच्या त्या देहांतही धमनीकाठिण्याच्या खुणा आढळल्या. पुढे २०१३ साली निरनिराळ्या प्राचीन संस्कृतींतील १३७ ममींची क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासणी झाली. त्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश देहांत हा विकार दिसला. रोग जुनाच होता. नवे होते ते त्याचे कारण शोधण्याचे मानवाचे प्रयत्न.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या कारणाविषयी दोन थोर विकृतिशास्त्रज्ञांत मतभेद झाला. व्हिएन्नाचे कार्ल रोकिटान्स्की म्हणत, की रक्तातील द्रव्ये धमनीच्या आतील बाजूवर थराथराने साचतात आणि दाह हा त्याचा नंतरचा परिणाम होय. उलट जर्मनीचे रुडॉल्फ विर्खो यांनी १८५६ साली असे प्रतिपादन केले, की भिंतीतील दाह हीच मूळ घटना आहे. साचलेला पदार्थ आधी की शरीराची प्रतिक्रिया आधी, हा तो प्रश्न. दोघांपाशीही सूक्ष्मदर्शक होते; परंतु निर्णय देऊ शकेल असा प्रयोग मात्र कोणापाशीच नव्हता.

असा प्रयोग घडला तो रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे. १९०८ साली इग्नातोव्स्की यांनी सशांना मांस, अंडी व दूध खाऊ घातले आणि त्यांच्या धमन्या बिघडल्याचे दाखविले. १९१० साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ अ‍ॅडॉल्फ विंडाउस यांना रोगग्रस्त मानवी महाधमनीत कोलेस्टेरॉलचे प्रमाण निरोगी धमनीपेक्षा कित्येक पटींनी अधिक आढळले. मग १९१३ साली निकोलाय अनिच्कोव्ह व सेम्योन खालातोव्ह या दोन तरुण संशोधकांनी शुद्ध कोलेस्टेरॉल सूर्यफुलाच्या तेलात विरघळवून सशांना दिले. मांस नाही, अंडी नाहीत, तरीही धमन्यांत तोच विकार उद्भवला. आरोपी सापडला होता.

तथापि अनिच्कोव्ह यांनी आणखी एक गोष्ट टिपली होती. विकृत भागात त्यांना चरबीने टम्म फुगलेल्या भक्षक पेशी दिसल्या. भक्षक पेशींची ओळख जगाला एली मेचनिकोव्ह यांनी करून दिली होती. १८८२ साली इटलीतील मेसिना येथे तारामाशाच्या अळीत काटा टोचून त्यांनी त्या काट्याभोवती जमणाऱ्या पेशी पाहिल्या, आणि या कार्यासाठी १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. म्हणजे चरबी आणि शरीराचे पहारेकरी, दोघेही १९१३ सालीच एका चित्रात आले होते. परंतु कुत्रे व उंदीर यांच्यावर तो प्रयोग सहजी साधेना. हे प्राणी जादा कोलेस्टेरॉल पित्तातून सहज बाहेर टाकतात, तर शाकाहारी सशाला ते जमत नाही. 'ससा म्हणजे माणूस नव्हे' असे म्हणून पुष्कळांनी तो शोध बाजूस सारला.

या उपेक्षेची किंमत काय असू शकते, हे १९५३ साली दिसून आले. कोरियाच्या युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या शवविच्छेदनात, त्यांचे सरासरी वय केवळ बावीस असताना, सुमारे तीन-चतुर्थांश जणांच्या हृदयधमन्यांत विकाराच्या खुणा सापडल्या. म्हातारपणाचा म्हणून समजला जाणारा रोग ऐन तारुण्यातच घर करतो, हे त्यातून उघड झाले.

उरलेले कोडे अमेरिकेतील डॅलस येथे उलगडू लागले. मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टीन यांनी १९७० च्या दशकात असे दाखविले, की पेशी रक्तातील एलडीएल कण एका विशिष्ट ग्राहकाच्या द्वारे आत घेते आणि गरज भागली की ते दार मिटते. काही कुटुंबांत हा ग्राहक जन्मतःच सदोष असतो. दोष आई व वडील दोघांकडूनही आला असल्यास बालवयातही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. १९७९ साली त्यांना भक्षक पेशींवर एक निराळे दार सापडले. बदललेले, बिघडलेले एलडीएल त्यातून आत शिरते, आणि पोट भरले तरी हे दार मिटत नाही. रक्षक पेशी खात राहते, फुगते, तिची फेनपेशी होते आणि अखेरीस ती तेथेच मरते. १९८५ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मृत पेशींचा आणि चरबीचा तो मऊ गाभा एका तंतुमय आवरणाखाली झाकलेला असतो. दाहामुळे आवरण झिजते, एके दिवशी फाटते, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि काही क्षणांत धमनी बंद होते. कालपर्यंत चालता-फिरता असलेला माणूस आज अचानक का कोसळतो, याचे उत्तर पुष्कळदा येथे असते. १९९९ साली रसेल रॉस यांनी या विकाराला स्पष्टपणे दाहजन्य रोग म्हटले. विर्खो यांचे म्हणणे जणू पुन्हा ऐकू आले.

उपचारांनी दोन्ही बाजूंची साक्ष दिली. जपानचे अकिरा एन्डो यांनी हजारो बुरशी तपासून १९७३ साली कोलेस्टेरॉल घटविणारे पहिले स्टॅटिन शोधले. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातील ४,४४४ रुग्णांच्या चाचणीत अशा औषधाने मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांनी घटले. मग २०१७ साली दहा हजारांवर रुग्णांच्या चाचणीत कोलेस्टेरॉलला हात न लावता केवळ दाह शमविणारे औषध दिले गेले, तेव्हाही नवे झटके सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी झाले. परंतु त्याच औषधाने प्राणघातक जंतुसंसर्ग किंचित वाढले. पहारेकऱ्याला झोपविले, तर चोराला वाट मोकळी होते!

हा इतिहास आपल्याला परका नाही. २००७ सालच्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षे आधी येतो असे दिसले. घरातील कर्ता माणूस पन्नाशीतच जातो, तेव्हा त्या सहा वर्षांत मुलांचे शिक्षण, मुलीचे लग्न, घराचे कर्ज असे सारेच अडकलेले असते.

रोकिटान्स्की व विर्खो यांच्यापैकी कोण खरा, असे आज कोणी विचारल्यास आम्ही म्हणू, दोघेही, अर्धे-अर्धे. ओझे चरबीचे आणि प्रतिक्रिया रक्षकांची. दोन्ही मिळून रोग होतो. म्हणूनच तंबाखू सोडणे, रक्तदाब व मधुमेह आवाक्यात ठेवणे आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी मनाने बंद न करणे, या साध्या गोष्टींना अर्थ आहे. कपाटातला तो कागद पुन्हा काढून पाहिलाच, तर तारखेकडेही लक्ष द्यावे. तो फार जुना झाला असेल, तर नवी तपासणी करण्याची वेळ आली आहे.