शालेय वर्षाची अखेर : हिशेब आणि निरोप

प्रायश्चित्तकाळ आणि शाळेची वार्षिक परीक्षा हे दोन पाहुणे आमच्या धर्मग्रामांत बहुधा हातात हात घालूनच येतात. एकीकडे क्रुसाची वाट चाललेली असते, तर दुसरीकडे घराघरांतून पाढे, व्याकरण आणि सनावळ्या यांची घोकंपट्टी. पुनरुत्थानाचा सण होतो, आंब्याला पाड लागतो, निकालाचे कागद हाती पडतात आणि शाळेच्या फाटकाला कुलूप लागते. हे सारे इतक्या वर्षांच्या सवयीचे झाले आहे, की शाळेचे वर्ष असेच संपत आले असावे, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात शालेय वर्षाच्या अखेरीलाही स्वतःचा इतिहास आहे. वार्षिक परीक्षा, बक्षीस समारंभ, दीर्घ सुट्टी आणि निरोप या चारही गोष्टी वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या हेतूंनी आपल्या शाळांत आल्या. तो इतिहास चाळला असता, वर्षाच्या शेवटी शाळा आपल्या लेकरांविषयी नेमके काय बोलते, या प्रश्नाशी आपण येऊन पोहोचतो. हा प्रश्न प्रत्येक घराचा आहे. म्हणूनच त्याचा येथे थोडा विस्ताराने परामर्श घेत आहोत.

जेझुइटांची नियमावली

कॅथलिक शाळांतील परीक्षा व बक्षिसे यांचा माग काढू लागल्यास आपण 1599 या वर्षापाशी येतो. त्या वर्षी येशूसंघाने आपल्या सर्व विद्यालयांसाठी एक शिक्षणसंहिता प्रसिद्ध केली. ‘रातिओ स्तुदिओरुम’ या लॅटिन नावाने ती ओळखली जाते. युरोपपासून पूर्वेकडील देशांपर्यंत पसरलेल्या विद्यालयांत एकच शिस्त असावी, हा तिचा हेतू. या संहितेत लेखी परीक्षेसाठी स्वतंत्र नियम आहेत आणि ते वाचताना आजच्या पर्यवेक्षकालाही हसू आल्यावाचून राहणार नाही. मुलांनी लेखनसाहित्य बरोबर आणावे, लेखन सुरू झाल्यावर कोणाशी बोलू नये, ठरलेल्या वेळात काम पुरे करावे, असे ते नियम सांगतात. एका बाकावर बसणाऱ्यांविषयी विशेष सावधगिरीची सूचना आहे. दोघांचे लेखन सारखे आढळले, तर कोणी कोणाचे पाहिले हे ठरविणे शक्य नसल्यामुळे दोघांवरही संशय धरावा, असे ती म्हणते. चारशे वर्षांपूर्वीच्या मुलांनाही शेजाऱ्याच्या कागदाचा मोह आवरत नव्हता, एवढे यावरून सिद्ध होते!

परंतु या संहितेतील आम्हांला अधिक मोलाचा वाटणारा भाग बक्षिसांचा आहे. स्पर्धेतील लेखनावर मुलाने आपले नाव घालावयाचे नाही, केवळ एखादी खूण करावयाची. तीच खूण आणि नाव दुसऱ्या कागदावर लिहून तो घडी घालून द्यावयाचा. परीक्षक तिघे असावेत. श्रीमंताचा मुलगा कोणता आणि गरिबाचा कोणता, हे त्यांना कळू नये, अशी ही तजवीज. ठरल्या दिवशी, शक्य तितक्या थाटाने आणि लोकसमुदायासमक्ष, विजेत्यांची नावे पुकारावीत आणि प्रत्येकाने पुढे येऊन बक्षीस घ्यावे. एवढ्यावर संहिता थांबत नाही. जे विजेत्यांच्या अगदी निकट पोहोचले, पण ज्यांना बक्षीस लाभले नाही, त्यांचीही नावे वाचली जावीत, असे ती सांगते. बक्षीस समारंभाच्या व्यासपीठावर आजही आपण टाळ्या वाजवतो. त्या व्यासपीठाच्या मूळ आराखड्यात, थोडक्यात हुकलेल्या मुलासाठीही एक जागा राखलेली होती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

सुट्टीच्या बाबतीत मात्र हे धर्मगुरू हात आखडतेच होते. वरच्या साहित्यवर्गाला एक महिना, त्याखालच्या वर्गाला तीन आठवडे, व्याकरणाच्या वरच्या वर्गाला दोन आठवडे आणि धाकट्या मुलांना अवघा एक आठवडा, अशी ती विभागणी होती. जितका विद्यार्थी लहान तितकी सुट्टी कमी, हे गणित आजच्या बालगोपाळांना मुळीच मानवणार नाही.

वसईचा एक विद्यार्थी

पोर्तुगीज अमलात उत्तर कोकणात वसई, ठाणे, वांद्रे, चौल येथे जेझुइटांची केंद्रे होती. फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचे कार्यही जोमात होते. चर्चला लागून असलेल्या शाळांत धर्मशिक्षण, वाचन-लेखन आणि गायन शिकविले जाई. आपल्या धर्मग्रामांतील गायनपरंपरेचे एक मूळ त्या शाळांत आहे. 1739 मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली आणि ते पर्व संपले. तेथील मुलांचे निकाल आज आपल्यासमोर नाहीत. पण एक विद्यार्थी सर्वांना ठाऊक आहे, तो म्हणजे संत गोन्सालो गार्सिया.

वसईत जन्मलेला हा मुलगा जेझुइटांच्या छायेत शिकला, वाढला आणि त्यांच्याबरोबर जपानला गेला. तेथे त्याने कितीतरी वर्षे धर्मशिक्षकाचे काम केले, जपानी भाषा आत्मसात केली. त्याच्या मनात येशूसंघात प्रवेश घेण्याची उत्कट इच्छा होती; तो प्रवेश त्याला मिळाला नाही. पुढे काही काळ व्यापार करून तो मनिलाला गेला आणि फ्रान्सिस्कन संघाने त्याला बंधू म्हणून स्वीकारले. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे त्याने क्रुसावर रक्तसाक्ष दिली. 1862 मध्ये त्याला संतपद देण्यात आले. ज्या दाराने त्याला नाकारले, ते दार त्याच्या आयुष्याची मर्यादा ठरले नाही. निकालाच्या दिवशी कोमेजलेल्या चेहऱ्याने घरी येणाऱ्या आपल्या मुलाला सांगण्यासारखी वसईजवळ याहून मोठी गोष्ट नाही.

इन्स्पेक्टर आणि अनुदान

इंग्रजी राजवटीत शाळेच्या वर्षअखेरीचे स्वरूप पार पालटले. 1854 च्या वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे तत्त्व मान्य केले. मिशनरी संस्थांना त्याचा मोठा आधार झाला. वांद्र्याचे सेंट स्टॅनिस्लॉस 1863 मध्ये आणि मुंबईचे सेंट झेवियर्स 1869 मध्ये सुरू झाले, ते याच नव्या युगात. पण अनुदानाबरोबर हिशेबही आला. मुंबई इलाख्यात निकालानुसार अनुदान देण्याची पद्धत रूढ झाली. इन्स्पेक्टरने शाळेत यावे, प्रत्येक मुलाची विषयवार परीक्षा घ्यावी आणि उत्तीर्ण मुलांच्या प्रमाणात शाळेला पैसे मिळावेत, असा हा मामला होता.

याचा परिणाम काय झाला असेल, याची कल्पना कोणाही शिक्षकाला करता येईल. मुलगा हा विद्यार्थी तर होताच. शिवाय तो शाळेच्या जमाखर्चातील एक रक्कमही झाला. ज्या दिवशी ‘दिपोटी’ यावयाचे, त्या दिवशी मुलाला ताप आला, तर आईला काळजी तापाची आणि मास्तरांना काळजी तापाबरोबरच अनुदानाचीही. पाठांतराला ऊत आला. कारण पाठ केलेले ऐन वेळी दाखविता येते, समजलेले तितक्या सहज दाखविता येत नाही. या पद्धतीवर पुष्कळ टीका झाली आणि 1904 च्या शिक्षणविषयक सरकारी ठरावानंतर ती मागे पडली. इन्स्पेक्टरचे पैसे थांबले; पण वर्षाच्या शेवटी शाळेची किंमत तिच्या निकालाच्या आकड्यावरून करावयाची सवय मात्र समाजाच्या अंगवळणी पडली ती पडलीच.

दुसरी मोठी घटना म्हणजे मॅट्रिक. 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि 1859 मध्ये पहिली प्रवेश परीक्षा झाली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे त्या पहिल्या तुकडीतले. आजच्या वाचकांना नवल वाटेल, पण एकोणिसाव्या शतकात ही परीक्षा वर्षाच्या अखेरीस होत असे. महात्मा गांधी 1887 च्या नोव्हेंबरमध्ये या परीक्षेला बसले. मुंबई आणि अहमदाबाद ही दोन केंद्रे होती. घरची बेताची स्थिती पाहता जवळचे व स्वस्त म्हणून राजकोटच्या या मुलाने अहमदाबाद पसंत केले. परीक्षेचा हंगाम मार्चमध्ये सरकला तो पुढे, विसाव्या शतकात.

मॅट्रिक ही खरे पाहता शाळा संपल्याची परीक्षा नव्हतीच, ती विद्यापीठाच्या दारावरची परीक्षा होती. शाळेने दहा-अकरा वर्षे जे घडविले, त्याचा निवाडा दुसऱ्याच संस्थेच्या उंबरठ्यावर होत असे. ज्याला कॉलेजात जावयाचेच नव्हते, शेती, सुतारकाम किंवा रेल्वेतील नोकरी पत्करावयाची होती, तोही त्याच मापाने मोजला जाऊन ‘नापास मॅट्रिक’ म्हणून उरलेले आयुष्य काढी. ही विसंगती दूर करण्यासाठी 1948 चा कायदा झाला आणि 1949 मध्ये पहिली एस.एस.सी. परीक्षा घेण्यात आली. शाळेचे प्रमाणपत्र आता शाळेचे म्हणून मिळू लागले. 1975 मध्ये नव्या आकृतिबंधानुसार दहावीची पहिली परीक्षा झाली, आणि ‘दहावीचे वर्ष’ हा शब्दप्रयोग घराघरांत धाक घालू लागला.

सुट्टी कोणाची, निरोप कोणाचा

उन्हाळ्याची सुट्टी ही आपल्या हवापाण्याने ठरविलेली गोष्ट आहे. मे महिन्याचा उकाडा, लग्नसराई, पेरणीपूर्वीची शेतीची कामे आणि मृगाबरोबर येणारा पाऊस या चौकटीत आपले शालेय वर्ष बसले आहे. वसईच्या वाडीत राबणाऱ्या किंवा नगर जिल्ह्यातील कोरडवाहू शेतावर जाणाऱ्या मुलाला सुट्टी म्हणजे विश्रांती, असे कधीच नव्हते. ती त्याची दुसरी शाळा होती.

आणि काही मुलांना तर घरच नव्हते. नगर जिल्ह्यात 1878 पासून जेझुइट मिशनचे काम सुरू झाले. 1899-1900 च्या दुष्काळात, ज्याला आपले जुने लोक छप्पनचा दुष्काळ म्हणत, महाराष्ट्रातील मिशनांनी असंख्य अनाथ मुलांना आश्रय दिला. बोर्डिंगमधली इतर मुले ट्रंक उचलून गावाकडे निघत, तेव्हा या मुलांसाठी शाळा आणि घर एकच असे. त्यांची सुट्टी फादर आणि सिस्टर यांच्या सहवासातच जाई. ‘शाळा हे एक कुटुंब आहे’ हे वाक्य बक्षीस समारंभाच्या भाषणांत आपण नेहमी ऐकतो. या मुलांच्या बाबतीत ते अक्षरशः खरे होते.

निरोपही नेहमी कॅलेंडर पाहून येत नाही. पहिल्या महायुद्धात मुंबई-पुण्याच्या मिशनमधील जर्मन जेझुइट सरकारच्या दृष्टीने शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांना स्थानबद्ध करण्यात आले आणि 1915-16 च्या सुमारास बहुतेकांना मायदेशी धाडण्यात आले. ज्यांनी शाळा-कॉलेजे उभारली, त्यांना समारंभावाचून, हारतुऱ्यांवाचून जावे लागले. पुढे स्पेनमधील जेझुइटांनी मुंबईची जबाबदारी घेतली. शाळा बंद पडल्या नाहीत. इमारत व शिक्षक यांच्याइतकाच शाळेचा कणा तिच्याभोवतीचा समाज असतो, याचा तो पुरावा होय.

परीक्षेवाचून एक वर्ष

अलीकडच्या काळातही एक विलक्षण वर्षअखेर आपण पाहिली. मार्च 2020 मध्ये कोरोनाच्या साथीमुळे दहावीचा भूगोलाचा शेवटचा पेपर राहून गेला आणि अखेर तो रद्दच झाला. 2021 मध्ये तर दहावीची परीक्षाच रद्द होऊन अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लावण्यात आला. परीक्षा नव्हती म्हणून मुलांना हायसे वाटले असेल. पण मुलांना सर्वांत जास्त चुटपुट कशाची लागली, असे विचारले, तर उत्तर येते : निरोप समारंभ झाला नाही, वर्गाचा फोटो निघाला नाही, सरांच्या पाया पडता आले नाही. हिशेब कसाबसा पुरा झाला. निरोप तेवढा राहून गेला. वर्षअखेरीचे खरे सार कशात आहे, हे त्या एका वर्षाने दाखवून दिले.

नापास करावे की करू नये, हा वादही जुनाच आहे. 1 एप्रिल 2010 पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलाला मागे ठेवण्यास मनाई केली. 2019 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन राज्यांना मोकळीक मिळाली आणि 2023 मध्ये महाराष्ट्राने पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षेची तरतूद पुन्हा आणली. दोन्ही बाजूंना तथ्य आहे. न शिकताच पुढे ढकललेला मुलगा फसवला जातो. मागे ठेवलेला मुलगा अनेकदा शाळाच सोडून जातो. नियम कोणताही असो, जूनमध्ये हजेरी घेताना जे नाव पुकारले जात नाही, त्या नावाची चौकशी कोण करणार, हा प्रश्न कायद्याने सुटणारा नाही.

तो धर्मग्रामाने सोडवावयाचा आहे. आपल्याकडे परीक्षेपूर्वी मुलांसाठी मिस्सा अर्पण होतो, निकालानंतर गुणवंतांचा सत्कार होतो. दोन्ही प्रथा चांगल्या आहेत. त्यांना आणखी एका प्रथेची जोड द्यावी, असे आम्हांला वाटते. सत्काराची यादी तयार करताना, ज्या घरी पेढे वाटले गेले नाहीत, त्यांचीही यादी धर्मगुरू, शिक्षक आणि विभागातील वडीलधाऱ्यांनी करावी आणि सुट्टीतच त्या घरची पायरी चढावी. कोणाला शिकवणीची मदत हवी असेल, कोणाला फीची, कोणाला केवळ दोन धीराच्या शब्दांची. नव्वद टक्केवाल्याच्या गळ्यात हार घालणारे हात शंभर असतात. पस्तीसवर अडखळलेल्याच्या खांद्यावर एकच हात पडला, तरी पुरे होतो.

1599 च्या त्या नियमावलीने थोडक्यात हुकलेल्यांची नावेही भर सभेत वाचावयास सांगितली होती. आपल्या शाळांनी आणि धर्मग्रामांनी त्या परंपरेला जागून हुकलेल्या प्रत्येक लेकराचे नाव आपल्या स्मरणात व प्रार्थनेत ठेवावे, म्हणजे जूनमध्ये फाटक उघडेल, तेव्हा आत येणाऱ्या मुलांत तेही असेल.